लाल दाढीचा दगड

...आणि वर व्याही मला म्हणतात, तुम्ही फारच कमी बोलता हो! मला! अहो, तुम्हाला सांगतो, ज्याची सगळी हयात सलूनच्या खुर्चीमागे उभं राहून बोलण्यात गेली, माझ्या बडबडीला कंटाळून गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनं उठून जाईल अशी ज्याच्या बायकोला कायमची धास्ती, त्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं, आणि त्यावर मी काय केलं? मी गप्प! लेकीला शब्द दिला होता ना. लग्न तिचं तिनंच जमवलेलं, मुलगा गुणी, प्रश्न फक्त त्याच्या वडिलांचा, म्हणजे आमच्या होणाऱ्या व्याह्यांचा. माझ्याहून चांगले पंधरा वर्षांनी लहान, चष्म्यांचं दुकान आहे त्यांचं. माणूस सोन्यासारखा, पण हळवा, कुणी खोडून काढलं की लागतं मनाला, आणि मग सख्ख्या भावाशीसुद्धा वर्ष वर्ष अबोला. लेक म्हणाली, "बाबा, एकच दिवस. त्यांचं काही खोडायचं नाही. खरं म्हणजे बोलूच नका." मी म्हटलं, त्यात काय, हॉटेलात जेवायला बोलावणार, तोंडात घास असला की आपोआपच...

हॉटेल कुठलं हो! डोंगर! व्याह्यांना नाद आहे डबे शोधायचा. म्हणजे काय, तर कुणीतरी रिकामटेकडा लांब कुठंतरी जाऊन एक डबा लपवतो, त्याची खूण मोबाइलवर टाकतो, मग बाकीचे रिकामटेकडे तो शोधत हिंडतात. सापडला की आतल्या कागदावर सही करायची, आतली एक वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची, आणि डबा होता तिथं परत लपवायचा. परत! म्हणजे घरीसुद्धा आणायचा नाही! जगभर चालतं म्हणे हे. चालू दे, पण आमच्याच डोंगरावर? मी जन्मलो त्या डोंगराच्या पायथ्याशी, आणि आजवर एकदाही वर गेलो नव्हतो. कशाला जायचं? खालून चांगला दिसतो की.

तर निघाली वरात. पुढं व्याही, हातात मोबाइल. मागं मुलगा, लेक, आमची ही, विहीणबाई, आणि सगळ्यांत मागं मी आणि माझे गुडघे. पहिल्याच वळणावर व्याही थांबले. पितळी पाटी होती तिथं, गावच्या हौशी मंडळींनी बसवलेली. म्हणाले, "ऐका हं, या डोंगराला केवढा इतिहास आहे," आणि वाचायला लागले. पूर्वी इथं लाल दाढीचा एक दरोडेखोर राहत असे. शिपायांनी डोंगराला वेढा घातला. तेव्हा तो पठ्ठ्या एका दगडावर बसला, शांतपणे दाढी केली, आणि गुळगुळीत गालांनी शिपायांच्या मधून, त्यांना सलाम ठोकत, खाली उतरून गेला. दाढी पडली तिथं अजून लाल गवत उगवतं...

मला घाम फुटला. चढणीचा नव्हे हो! अहो, ती गोष्ट माझी! मी रचलेली! वस्तऱ्याला घाबरणारं एक गिऱ्हाईक होतं, खुर्चीत वळवळायचं, मानेवर वस्तरा आणि मान एका जागी ठरेना. त्याला गुंतवायला खिडकीतून समोर दिसला डोंगर, म्हणून ठोकून दिली! मग दुसऱ्याला सांगितली, तिसऱ्याला सांगितली, तिला पाय फुटून तिनं गावभर हिंडून यावं आणि पितळेत जाऊन बसावं? आणि पुढं तर, "त्याच्या तीन बायका होत्या, वस्तरा सोन्याचा होता..." सोन्याचा! हे मी कधीच म्हणालो नव्हतो! जिभेच्या टोकावर आलं होतं, पण लेकीनं बघितलं. मी गप्प!

बरं, डब्याची खूण काय म्हणाल? 'दाढी पडली, तिथं हात घाला.' आता आली का पंचाईत? असा दगडच नाही, हे माझ्याइतकं पक्कं कुणाला ठाऊक! मोबाइलमधला बाण वर एका माळावर आला आणि गरगर फिरायला लागला. झालं, सगळे पसरले. व्याही पालथे पडून कपारीत हात घालतायत, विहीणबाई झुडपं उचकतायत, मुलगा झाडावर... झाडावर कोण दाढी करतं हो? उन्हं कलायला लागली. व्याही दमून खाली बसले, चष्मा पुसायला लागले, आणि हळूच म्हणाले, "लहानपणी वडिलांनी सांगितली होती ही गोष्ट. फार जीव होता माझा या दरोडेखोरावर."

आणि मला आठवलं ना! ते वळवळणारं गिऱ्हाईक! मोठी मान, डावीकडं तीळ... अगदी व्याह्यांच्या मानेवर आहे तसाच! ते यांचेच वडील! आता सांगा, बोलणार काय? सांगू त्यांना, की तुमच्या तीर्थरूपांच्या मानेसाठी मारलेली थाप होती ती? लागलंच मग लेकीचं लग्न! मी गप्प!

आता बसायला तर हवंच. गुडघे ओरडत होते. बघितलं इकडंतिकडं. धंद्याची सवय हो, खुर्ची ठेवायची ती उजेडाकडं तोंड करून आणि वाऱ्याकडं पाठ करून. तसा एक दगड होता, बरोब्बर तसा. टेकलो. तर बुडाखालचा चपटा धोंडा हलला, आणि खाली टणकन पत्रा वाजला. म्हणजे डबा लपवणाऱ्यानंही विचार केला असणार, की इथं दाढी करायचीच झाली तर बसावं कुठं? मी उठलो. बोललो नाही, नुसता खोकलो.

व्याह्यांनी हात घातला आणि डबा वर काढला. लहान मुलासारखे रडले हो! मला मिठी मारून म्हणाले, "तुम्हाला आधीच सापडला होता, पण तो मान मला दिलात. आणि बोलला नाहीत एका शब्दानं! असा व्याही मिळायला भाग्य लागतं." डब्यातली एक गोटी घेतली आम्ही. मी खिशातला कंगवा ठेवला. सही झाली, हसणं झालं, सगळं गोड झालं, उठू म्हटलं आता...

तर व्याही उभे राहिले. म्हणाले, "ठरलं. लग्न इथंच लावायचं, या दगडापाशी. दोन्हीकडची सगळी मंडळी वर येतील, टेबलं येतील, खुर्च्या येतील, जेवण येईल. मुलीकडचे म्हणून व्यवस्था तुम्ही बघा. काय व्याही?" सगळे माझ्याकडं बघायला लागले. एक वाक्य पुरेसं होतं हो मला! पण लेक बघत होती, डोळे भरून.

मी म्हणालो, "छान."

उतरताना आमची ही माझ्या शेजारून चालत होती. तिनं ती गोष्ट जन्माला येताना ऐकलेली, दुकानात गल्ल्यावर बसून. पितळी पाटी आली तशी थांबली. मग माझा दंड धरला, गुडघ्यांकडं एकदा बघितलं आणि म्हणाली, "अहो, थाप मारायचीच होती, तर सपाटीवरची मारायची होतीत."

यावर काय बोलणार? मी गप्प.