वुयिसिलेचा वाटा

दक्षिण आफ्रिकेतल्या लुसिकिसिकी गावात टॅक्सीच्या रांगेत शाळेच्या गणवेशातली आविवे उभी होती. पुढे काळ्या कपड्यांतली एक विधवा मावशी, हातात गांजाच्या रोपाची बादली. मागे एक टोपीवाले आजोबा. दोघं बोलायला लागले ते थेट आविवेच्या डोक्यावरून. तिला तरी कान कुठे बंद करायचे होते!

"मावशी, रोप पिवळं पडलंय हो."

"मरतंय ते! माझ्या नवऱ्यानं, वुयिसिलेनं जपलेलं शेवटचं बी. तो गेला, आता हेही चाललं."

"पाणी फार घालता का?"

"छे! चार दिवसांतून एकदा पेलाभर."

"मग मातीचा असा चिखल कसा? थांबा... बिअरचा वास येतोय."

"येणारच. रोज सकाळी त्याचा वाटा ओतते ना."

"रोपात?"

"त्याचंच रोप आहे!"

"अहो, गेलेल्या माणसाचा वाटा गोठ्यापाशी ओततात, पितर तिथंच असतात! बादलीला भोक तरी आहे का?"

"भोक कशाला? सांडेल की त्याची बिअर!"

"मुळं कुजलीत, मावशी. दारूनं चाललंय तुमचं रोप."

"अगं बाई! चाळीस वर्षं त्याला हेच सांगत होते मी!"

अख्खी रांग खदखदली. आजोबांनी बोटानं माती उकरली.

"हे बघा, एक मूळ अजून पांढरं आहे. भोकं पाडा, कोरडी माती घाला. जगेल."

"नक्की?"

"बिअर बंद केलीत तर."

"त्याची बंद नाही हं करणार! पण गोठ्यापर्यंत माझे गुडघे जात नाहीत. दारातच ओतेन. त्यानं यावं चालत, त्याचे गुडघे कुठे दुखतायत आता!"