दोन रेघांमधली धूळ

जबाब. गुरुवार, दुपारी ३ वाजून ४० मिनिटे.

मी, वय ५७ वर्षे, धंदा शिवणकाम (एकोणीस दिवसांपासून बंद), राहणार दुसरा मजला, जिन्यासमोरचं दार, समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी आणि माझे पती असे दोघेच राहतो. घर तीन खोल्यांचं आहे. पतीचं वय ६३. ते गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस होते, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. तिथे त्यांना सगळे रेघसाहेब म्हणायचे, कारण मापात न बसणाऱ्या मालावर ते लाल रेघ मारून तो परत पाठवायचे. आम्हाला एक मुलगी आहे, ती लग्न होऊन दुसऱ्या शहरात असते. मी तेवीस वर्षं घरी शिवण करते. पडदे, शाळेचे गणवेश, पँट आखूड करणं, कोटाचं अस्तर बदलणं. पायाचं मशीन होतं. एक दुकान बंद पडलं तेव्हा तिथून मी माझ्या कमाईतून घेतलं होतं. ते माझं होतं. हे वाक्य आहे तसं लिहा म्हणून मी सांगितलं आहे.

चौदा महिन्यांपूर्वी मुलीने बिनवायरचा व्हॅक्यूम क्लीनर पाठवला. माझे गुडघे धरतात, वाकून केर काढणं जिवावर येतं. ती फोनवर म्हणाली, "आई, भिंतीला अडकवून ठेव, जाता-येता दहा मिनिटं फिरव, संपलं." व्हॅक्यूमबद्दल माझी काही तक्रार नाही. वजनाला हलका आहे, पलंगाखाली आडवा होऊन जातो. पुढे दिवा आहे, त्याच्या उजेडात जमिनीवरची अशी बारीक धूळ दिसते की जी आम्ही तीस वर्षं सुखाने तुडवत होतो. एका चार्जिंगवर साध्या वेगात चाळीस मिनिटं चालतो, जोरात लावला तर आठ. ब्रशला धागे आणि केस गुंडाळले जातात, ते मी आठवड्यातून एकदा शिवणीच्या छोट्या कात्रीने कापून काढते. फिल्टर महिन्यातून एकदा धुऊन पूर्ण वाळवावा लागतो. हे सगळं मी करत होते.

पण धुळीचा डबा आरपार दिसणारा आहे. तिथेच माशी शिंकली. व्हॅक्यूम येऊन आठ-दहा दिवस झाले असतील, यांनी त्या डब्यावर लाल पेनाने दोन रेघा मारल्या. खालची किमान, वरची कमाल. तीन खोल्या, दोन माणसं, एका दिवसाची धूळ एवढ्याएवढ्यात बसली पाहिजे, असं त्यांनी आठवडाभर बघून ठरवलं. त्यानंतर रोज सव्वाअकराला हे फिरून आले की डबा उजेडात धरून तपासायचे, मग मी तो रिकामा करायचा. धूळ खालच्या रेघेच्या खाली राहिली तर मी कोपरे सोडले. वरच्या रेघेच्या वर गेली तर मी काल काम नीट केलं नव्हतं. मधोमध आली तर काहीच बोलायचे नाहीत, आणि त्या दिवशी माझा चहा गोड लागायचा. सत्तावन्न वर्षांची बाई मी, आणि धूळ बरोबर भरली म्हणून मला हायसं वाटायचं. सांगताना आत्ताही मला स्वतःची लाज वाटते.

जबाब लिहून घेणाऱ्या हवालदार बाईंनी विचारलं की यावर मी पतीला काही बोलले नाही का. बोलले होते. यांचं म्हणणं, "तुझ्यावर आरोप नाही, मी माप घेतोय."

चौथ्या महिन्यापासून मी धुळीचा साठा ठेवायला लागले. कपाटाच्या खालच्या खणात, अस्तराच्या कापडामागे, एक झाकणाची बरणी होती. डबा जास्त भरला की वरची धूळ काढून बरणीत, कमी भरला की बरणीतली डब्यात. लोक घरात साखर आणि पीठ साठवतात, मी धूळ साठवत होते. पावसापाण्याच्या दिवसांत दारं-खिडक्या बंद राहायच्या, धूळच व्हायची नाही. अशा एका आठवड्यात बरणी संपली. तेव्हा मी खालच्या मजल्यावरच्या कुत्रेवाल्या वहिनींकडे गेले आणि त्यांच्या केराच्या डब्यातली मूठभर धूळ मागितली. त्यांनी कशाला म्हणून विचारलं नाही, कागदात बांधून दिली. आमच्या जिन्यात सगळ्यांना सगळं माहीत असतं.

त्याच दिवशी यांनी डब्यातून चिमट्याने तीन पांढरे, जाड केस काढले. आमच्याकडे कुत्रा नाही. मग कपाटातली बरणी निघाली. हे ओरडले नाहीत, हे कधीच ओरडत नाहीत. बरणी टेबलावर ठेवून म्हणाले, "माणूस खोटा माल कधी भरतो? जेव्हा मूळ कामात दोष असतो तेव्हा. मूळ शोधू." आणि त्यांनी मूळ शोधलं. त्यांच्या मते घरातली निम्मी धूळ माझ्या शिवणीची होती. धागे, कापडाचा भुगा, गिऱ्हाइकांच्या चपला.

त्यानंतर दहा दिवसांनी माझ्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून मी तिच्याकडे चार दिवस राहायला गेले. परत आले ती शनिवारी दुपारी. मशीन जागेवर नव्हतं. खिडकीखाली फरशीवर त्याच्या पायांच्या चार खुणा होत्या. यांनी ते भंगारवाल्याला दिलं होतं. गिऱ्हाइकांचे कपडे, अर्धे उसवलेले, अर्धे टाचलेले, पिशव्यांत घालून यांनी स्वतः घरोघर नेऊन दिले आणि मी शिवण बंद करते आहे असं सांगितलं. एका मास्तरांच्या कोटाची बाही वेगळी आणि कोट वेगळा, असा परत गेला. तेवीस वर्षांत माझ्याकडून कुणाचं कापड अर्धवट परत गेलं नव्हतं.

मी भंगारवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "काकू, परवा आला असतात तर अख्खं मिळालं असतं." मशीनचे तुकडे झाले होते. बाजूचं चाक तेवढं ओळखू आलं. मी घरी आले. हे वर्तमानपत्र वाचत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता खिडकीखालचा तेवढा कोपरा घे. इतकी वर्षं तिथे कधी ब्रश गेला नसेल." मी व्हॅक्यूम भिंतीवरून काढला आणि तो कोपरा घेतला. चारही खुणा निघाल्या. त्या दिवशी धूळ दोन रेघांच्या मधोमध आली.

हवालदार बाईंनी विचारलं की त्याच वेळी पोलिसांत का आले नाही. कुणाच्या विरुद्ध यायचं आणि काय सांगायचं, हे मला तेव्हा सुचलं नाही. शिवाय मला तक्रार करायची नव्हती. मला उट्टं काढायचं होतं.

आजच्या प्रकाराबद्दल सांगते. पतीला घड्याळं खोलून साफ करण्याचा छंद आहे. तसाच छंद असलेल्या लोकांचं एक मंडळ आहे, त्यांचं येत्या रविवारी प्रदर्शन आहे. त्यात हे माझ्या सासऱ्यांचं साखळीचं, खिशातलं घड्याळ सगळ्यांसमोर जुळवून दाखवणार होते. सासरे मी पाहिलेले नाहीत. ते घड्याळ पाहिलं आहे, लग्न झाल्यापासून ते कपाटात मखमलीत असायचं आणि मला हात लावायची परवानगी नव्हती. गेल्या दोन आठवड्यांपासून ते आतल्या खोलीत टेबलावर पांढऱ्या कापडावर खोललेलं होतं. चाकं, स्प्रिंगा, काटे, स्क्रू, सगळं ओळीने, काचेच्या झाकणाखाली. रोज सकाळी हे भाग मोठ्याने मोजायचे. बासष्ट व्हायचे. स्वयंपाकघरात मला ऐकू यायचं.

एकोणीस दिवस मी मूग गिळून बसले. रोज साफसफाई केली, रोज डबा दाखवला. यांना वाटलं, बाई वठणीवर आली. एक दिवस म्हणालेही, "बघ, आता किती शांत वाटतंय घर."

आज सकाळी १० वाजून ५ मिनिटांनी हे फिरायला बाहेर पडले. व्हॅक्यूमचं चार्जिंग पूर्ण होतं, मी पहाटेपासून लावून ठेवलं होतं. आधी रोजच्याप्रमाणे तिन्ही खोल्या केल्या. पलंगाखालून घेतलं, पायपुसणी झटकली, स्वयंपाकघरातला कट्ट्याखालचा भाग केला. काम अर्धवट टाकून मी काही करणार नव्हते. मग डबा रिकामा केला, पुढचा ब्रश काढला, फटीत घालायची अरुंद नळी लावली आणि आतल्या खोलीत गेले. काचेचं झाकण उचलून खुर्चीवर ठेवलं.

मी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. साध्या वेगात स्क्रू गेले, चाकं हलली पण उचलली गेली नाहीत, म्हणून जोरात लावला. प्रत्येक भाग डब्यात पडताना टक् वाजत होता, त्यामुळे मला मोजता आलं. मोठी स्प्रिंग नळीत अडकली, ती मी शिवणीच्या चिमट्याने ढकलली. घड्याळाची डबी आणि आकड्यांची तबकडी नळीत जाण्यासारखी नव्हती, ती तशीच ठेवली. बासष्टपैकी साठ गेले. कापडही झटकलं आणि नीट पसरलं. मशीन गेल्यापासून इतकं चांगलं मला एकदाही वाटलं नव्हतं. हवालदार बाई इथे जरा थांबल्या. मी त्यांना म्हटलं, लिहा.

११ वाजता कचऱ्याची गाडी येते. डबा रिकामा करून, पिशवीला गाठ मारून मी स्वतः खाली जाऊन पिशवी गाडीत टाकली. गाडीतल्या माणसाने दांडा ओढला आणि कचरा दाबला. ते मी उभी राहून पाहिलं. मग वर आले, डबा धुतला, पुसला, जागेवर लावला.

११ वाजून १५ मिनिटांनी हे आले. चपला काढल्या आणि भिंतीशी गेले. डबा रिकामा पाहून म्हणाले, "आजची धूळ कुठाय?" मी म्हटलं, गाडीत दिली. "मला न दाखवता?" यावरून पाच-सात मिनिटं मला ऐकवत होते. नियम म्हणजे काय, तपासणी म्हणजे काय, एकदा सूट दिली की माणूस कसा सोकावतो. मी भाजी चिरत होते. मग ते आतल्या खोलीत गेले.

थोड्या वेळाने मी जाऊन पाहिलं. हे गुडघ्यांवर बसून टॉर्चने टेबलाखाली शोधत होते. मी म्हटलं, "खाली काही नाही. मी घेतलंय सगळं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "बाबांचं होतं गं ते." तीस वर्षांत मी यांना या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं. मला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. वाटलं नाही. मी म्हटलं, "मशीन माझं होतं." मग हे गाडीच्या मागे धावत गेले, पण गाडी चौकातून केव्हाच पुढे गेली होती. तिथून हे परस्पर इथे आले आणि माझ्याविरुद्ध तक्रार दिली. मला बोलावणं आलं तेव्हा मी जेवून, भांडी घासून आले.

मुलीचा फोन आला होता. ती म्हणाली, "आई, सफाई करताना चुकून गेलं एवढंच सांग. बाबा तक्रार मागे घेतील, मी बोलले त्यांच्याशी." हवालदार बाईंनीही मला तेच दोनदा समजावलं. त्यांचा हेतू चांगला आहे, माझी त्यांच्यावर नाराजी नाही. त्यांनी मला पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं. मला विचार करायला दहा मिनिटं दिली. त्या दहा मिनिटांत दार उघडं होतं आणि बाहेर बाकावर बसलेले माझे पती दुसऱ्या हवालदारांना काय सांगत होते ते मला स्पष्ट ऐकू आलं. ते म्हणत होते, "चुकूनच झालं असणार हो. तिचं कामात लक्षच नसतं. लिहा तसं आणि सोडून द्या."

हवालदार बाईंनी हा जबाब मला सावकाश, शब्दन् शब्द वाचून दाखवला. आजच्या प्रकाराच्या परिच्छेदात त्यांनी माझ्या भल्यासाठी 'नजरचुकीने' असा एक शब्द घातला होता. तो मी खोडायला लावला आणि खोडलेल्या जागी माझी सही केली. तो शब्द काढला तर गुन्हा दाखल होईल, हे मला सांगितलं आहे आणि मला समजलं आहे. मी कुणाच्या दबावाखाली नाही. टेबल मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, नळीत जाईल तो एकही भाग न सोडता, नीट लक्ष देऊन साफ केलं आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच उतरला आहे.

सही