मागच्या गादीखालचे पाणी

मी, खाली सही करणारी, वय ४६ वर्षे, धंदा घरकाम व घरचा हिशेब ठेवणे, शिक्षण मॅट्रिक पास, राहणार धक्क्यामागची गल्ली, दोरखंडाच्या दुकानावरचा मजला, ठाण्यात स्वतःहून समक्ष हजर राहून, देवाला स्मरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी पती व सासूबाईंसह राहते. पतींची एक मोटरबोट आहे. सोमवार ते शनिवार ते तीतून पलीकडच्या काठावर किराणा पोचवतात. रविवारी तीच बोट सासूबाईंना नणंदेकडे घेऊन जाते. बोटीची दुरुस्ती माझा धाकटा भाऊ करतो, त्याची धक्क्यावर शेड आहे. सासूबाईंनी ज्याच्यावर तक्रार दिली तो हाच. त्याने खुन्नस ठेवून बोटीला भोक पाडले अशी तक्रार आहे. तिच्यामुळे त्याच्या शेडचा परवाना अडकला आहे. तसेच त्या दिवसापासून मला माहेरी जाण्यास व भावाला आमची पायरी चढण्यास मनाई आहे. मनाई कोणी केली ते विचारू नये. त्या समोरच्या बाकावर बसल्या आहेत.

खुन्नस कशावरून, असे विचारल्यावरून सांगते की, भावाने इंजिनाचे काम करून बोट परत आणली तेव्हा सासूबाई चढून मागच्या गादीवर बसल्या. भाऊ धक्क्यावरून म्हणाला, "दाजी, बोट मागे फार बसतेय. भार पुढे घ्या."

सासूबाई म्हणाल्या, "भार कुणाला म्हणतोस रे?"

"मी बोटीबद्दल बोलतोय, मावशी."

"मागे दुसरं कोण आहे?"

मागे पतीही होते, परंतु ते कोणाच्या मोजण्यात येत नाहीत.

त्याच आठवड्याच्या रविवारी बोटीत पाणी आले व सासूबाईंची चप्पल तरंगली. पुढच्या रविवारीही तेच. किराण्याच्या फेऱ्यांना मात्र थेंब नाही. सासूबाई म्हणाल्या, "बघा, बरोबर माझ्याच दिवशी! भोकसुद्धा वार बघून गळतं?" भावाने बोट वर ओढून घेतली, तळाशी पाणी ओतून बाहेरून पाहिले, मग रिकामी बोट दिवसभर पाण्यात ठेवली. ठणठणीत कोरडी. सासूबाई म्हणाल्या, "ज्याने पाडलं त्यालाच शोधायला लावलंत, मग सापडेल कसं?" आणि तडक ठाण्यात आल्या.

मला बोटीतले काही कळत नाही. परंतु पिंप गळत असेल तर आधी कोरडे पुसावे आणि ओल कुठून निघते ते बघत बसावे, एवढे संसारात कळते. घरात किडे झालेले पीठ होते. टाकणे जिवावर आले म्हणून ठेवले होते. गेल्या रविवारी पूजा आटोपून मी बोटीचा तळ पुसून काढला व त्यावर ते पीठ चाळणीने भुरभुरले.

पतींनी विचारले, "हे काय चाललंय?"

मी म्हटले, "देवाचं नाव घ्या आणि इंजिन चालू करा."

सासूबाई नेहमीप्रमाणे मागे बसल्या. थोड्या वेळात पिठात ओला ओघळ दिसला. मी म्हटले, "आई, पुढे बसता का? वारा छान आहे." त्या बसल्या. ओघळ थांबला. मग म्हटले, "पुढे ऊन लागतंय तुम्हाला, मागेच बऱ्या." त्या मागे गेल्या आणि ओघळ सुरू. पुन्हा पुढे बोलावले तेव्हा म्हणाल्या, "मी इथे संगीत खुर्ची खेळायला आलेय का?"

म्हणून त्यांना मागेच राहू दिले व मी पालथी पडून डोके गादीखाली घातले. त्या म्हणाल्या, "पाया पडायचंय तर घरी पड की! लोक बघतायत." डोके तिथे होतेच, म्हणून मी नमस्कारही करून घेतला.

गादीची पाठ बोटीच्या ज्या मागच्या फळीला ठोकली आहे, त्या फळीत करंगळी जाईल एवढे भोक आहे. त्यातून पाणी येताना मी डोळ्यांनी पाहिले. ही पाठ पतींनी स्वतः बसवली, तीही भावाकडे इंजिन जाण्याआधी, कारण सासूबाईंना टेकायला हवे होते. "दाजी, तुम्ही फळीला हात लावू नका, मी लावून देतो," असे भावाने माझ्यासमोर सांगितले होते. भोकात करंगळी घातली तर हिरवा लगदा हाताला आला. उरल्यासुरल्या साबणाचे तुकडे दाबून मी वडी करते, त्यामुळे हिरव्यात गुलाबी ठिपके येतात. अशी एक वडी मोरीतून नाहीशी झाली होती व मी उंदरावर आळ घेतला होता. माझा साबण मी ओळखते.

मी गादीखालूनच विचारले, "अहो, हे काय?"

पती आकाशाकडे पाहू लागले. मग म्हणाले, "एक भोक चुकलं होतं. बुजवलं जरा."

"साबणाने?"

"घट्ट बसला होता गं."

"आणि माझ्या भावावर तक्रार झाली तेव्हा?"

"आईला सांगायचं कोणी?"

पतींच्या मनात खोट नाही. साबण विरघळेपर्यंत ते निर्धास्त म्हणून गप्प होते व त्यानंतर सवयीने गप्प राहिले.

मग इतर दिवशी पाणी का येत नाही, असे हवालदार साहेबांनी विचारल्यावरून सांगते की, किराणा पुढे रचतात, म्हणून भोक एरवी पाण्याच्या वर असते. ते रविवारी तेवढे पाण्याखाली जाते. साहेबांनी मोठ्याने विचारले, "म्हणजे बाईंच्या (एक शब्द खोडला) मुळे?" मी म्हटले, "तो शब्द नको. बसण्याच्या जागेमुळे, असं लिहा." परंतु साहेबांचा हात चालून गेला होता.

बाकावरून आवाज आला, "काय लिहिलंत? वाचा."

वाचण्यात आले.

सासूबाई उठून टेबलापाशी आल्या. मला म्हणाल्या, "साबण याने घातला?"

"हो."

"आणि मी इथे येऊन ओरडले तेव्हा हा माझ्याच शेजारी उभा होता?"

"हो, आई. तुमची पिशवी धरून."

पती आताही पिशवी धरूनच उभे होते. सासूबाईंनी ती काढून घेतली व साहेबांना म्हणाल्या, "माझी तक्रार फाडा." तक्रार फाडता येत नाही, मागे घेता येते, असे साहेब म्हणाले. "मग मागे घ्या. आणि हिच्या भावाला म्हणावं, उद्या येऊन माझी गादी पुढे बसवून दे. पुढे वारा चांगला असतो." दारापर्यंत जाऊन त्या परत वळल्या. "जेवायच्या वेळेला ये म्हणावं. उपाशी पोटी काम धड होत नाही."

हा निरोप भावाला मी स्वतः सांगणार असून त्यासाठी ठाण्यातून परस्पर माहेरी जात आहे. हे कोणी विचारलेले नाही, मीच लिहवून घेत आहे.

वरील जबाब साहेबांनी मला ऐकवला, मीही डोळ्यांखालून घातला आणि सासूबाईंनी आणखी एकदा वाचायला लावला. मी बोलले तसाच तो उतरला असून खरा आहे. खोडलेल्या शब्दाशेजारी माझी व सासूबाईंची, अशी दोघींची सही आहे.