शिशाची कुपी

संत देमेत्रिओसच्या कबरीवरचं सुगंधी तेल घ्यायला थेस्सलोनिकीत रांग लागली होती. एव्डोकियाच्या पुढं रेशमी शालीतली एक बाई, तिच्या पुढं मासळीवाली; दोघींचं बोलणं एव्डोकियाच्या कानावर पडत होतं.

“राजधानीच्या दिसता! तिथं देवळांना काय तोटा?” मासळीवालीनं मागं वळून शालवालीला विचारलं.

“तोटा नाही हो. पण लेक उद्या सरहद्दीवर निघालाय. शिपायांचा राखणदार इथंच.”

“खरंय. तेल भरून त्याच्या गळ्यात बांधायची कुपी कुठंय?”

“ही बघा, चांदीची.”

“अगं बाई! चांदीपायी आपलेच लोक गळा कापतील त्याचा. ही घ्या माझ्या लेकाची, शिशाची.”

“मग तो काय बांधणार?”

“तो कशाला बांधतोय आता? तीन लढाया करून आलाय. घरी बसून माझ्या मसुरीच्या आमटीला नावं ठेवतो मेला!”