पडद्यावरचा चंद्रोदय

"पुस्तकात घालतीया तेवढं तोंड माणसांत घालील तर शपथ!" सासूबाई ह्यांच्यापाशी माझं कौतुक करत होत्या. मी दाराआड उभी आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

ते पुस्तक म्हणजे चंद्रावर जाणाऱ्या माणसांची कादंबरी. माहेरी, रहिमतपूरला, ती मी पानं सुटेपर्यंत वाचली होती. तिच्यावरचा इंग्रजी बोलपट सांगलीत लागला, तेव्हा फौजेतून रजेवर आलेले हे आम्हा दोघींना घेऊन निघाले. नेमकी संकष्टी होती. हे लढाईतून सुखरूप परतावेत म्हणून सासूबाई ती निर्जळी करायच्या. चंद्र दिसला की उपास सोडायला पदरात लाडू बांधलेला.

पडद्यावर माणसं चंद्रावर उतरली. थोड्या वेळानं डोंगरामागून मोठा पांढरा गोळा वर आला. सासूबाईंनी हात जोडले आणि पदराची गाठ सोडायला घेतली.

"आई, सिनेमातला चंद्र चालतोय व्हय?" ह्यांनी विचारलं.

"का रं? सिनेमातल्या देवाला नारळ फोडत्यात, त्यो बरा चालतोय!"

हे म्हणाले, "मग सोड."

मला तर ते पान तोंडपाठ होतं. लाडू ओठांपाशी गेला, तसा मी सासूबाईंचा हातच धरला आणि सगळ्या थेटराला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाले, "आत्याबाई, थांबा! चंद्र त्या माणसांच्या पायाखाली हाय. वर आलीया ती पृथ्वी. तुमी आत्ता आपल्या सांगलीलाच हात जोडलंसा!"