नाकाडीनं जळू दिलेलं रोप

– तसं नाही जावईबापू, आधी ती कुंडी खाली ठेवा. काखेत मारून उभे राहिलात तर कुणालाही वाटेल, सासऱ्याकडं तक्रार घेऊन आलात. हां, ठेवा बाकावर. टोमॅटो आहे होय? बरं झालं सांगितलंत, मला वाटलं जुना झाडू. हसू नका. पाणी किती घालता? सकाळ-संध्याकाळ? का, त्याला काय तुमच्यासारखा दोन वेळा चहा लागतो? बोट खुपसा मातीत – खुपसा हो, चावत नाही – दुसऱ्या पेरापर्यंत. ओलं लागलं तर पाणी नाही, कोरडं लागलं तर पाणी. संपली शाळा. मी तिसरी नापास, एवढ्यावरच चाळीस वर्षं ही रोपवाटिका चालवली. कुंडीला भोक आहे का खाली? आहे? तुम्ही पाडलंत? – तिनं. वाटलंच.

तिचं नाव काढू नका इथं. दीड वर्ष झालं, माझं काही अडलेलं नाही. तुम्ही येता, रोपं नेता, ती फाटकापर्यंतसुद्धा येत नाही – नाही तर नाही. काय झालं होतं माहीत आहे ना? तिनं सांगितलं नाही? कमाल आहे. लग्नानंतर पहिल्यांदा आली, आल्या आल्या खताच्या ढिगात हात घातला, मूठ नाकाशी धरली आणि गिऱ्हाइकासमोर म्हणाली, “बाबा, हे कच्चं आहे, देऊ नका.” चार माणसांत बापाचं नाक कापलं. मी म्हणालो, नाकानं कांदे सोलू नकोस, तू जन्मायच्या आधीपासून मी खत करतोय, शिकवायचं असेल तर पुन्हा इथं यायचं नाही. नाही आली. हट्टी आहे. कुणावर गेलीय कोण जाणे – काय हसताय?

इकडं बघा, पानं बघा. कडा तपकिरी, कुरकुरीत. हे पाण्याचं काम नव्हे, ही मुळं भाजलीत. खत कच्चं असलं की मातीत गेल्यावर तापतं, कोवळी मुळं जाळतं. नवीन माणसं हीच चूक करतात – घरातला ओला कचरा आणला, कुंडीत कोंबला, झाली म्हणे सेंद्रिय शेती. अहो, एक घमेलं ओला कचरा, दोन घमेली वाळका पाला, वरखाली करायचं आणि मुरू द्यायचं. भाजीची साल ओळखू येईनाशी झाली पाहिजे. कुणा गाढवानं दिलं हे खत तुम्हाला? काय? मोठ्यानं बोला. – माझं?

माझं म्हणजे, इथलं? गेल्या महिन्यातलं पोतं? उगाच काहीतरी. मी स्वतः हात घालून बघितलं होतं, गार लागलं हाताला – थंडीचे दिवस, वरून गार लागणारच म्हणा. वास? मी कशाला घेऊ वास, तुम्ही घ्या. घ्या कुंडीतलं मूठभर. ओल्या मातीसारखा येतोय ना? आंबट? नक्की आंबट? पुन्हा बघा. – बरं, बरं. नका धरू माझ्या नाकाशी, काही उपयोग नाही. दोन वर्षांपूर्वी तो ताप आला, त्यात वास गेला तो गेला. अत्तर आणि शेण मला सारखंच. बघताय काय असे? खतवाल्याला वास येत नाही हे काय पाटी लावून सांगू? तिच्या आईलासुद्धा माहीत नाही.

पण थांबा. ते पोतं घरी उघडलंत तेव्हा ती घरात होती? होती. लहानपणापासून मी तिला नाकाडी म्हणायचो – ढिगाला हात न लावता सांगायची, बाबा, अजून आठ दिवस. आणि हिला वास आला नाही? काय म्हणाली ती? नीट आठवून सांगा.

“बाबांनी दिलंय ना, मग घाला.”

एवढंच? आणि तोंड फिरवून आत गेली?

म्हणजे कळलं होतं तिला. कळून बोलली नाही. एकदा नाक कापलं बापाचं, दुसऱ्यांदा नको, म्हणून डोळ्यांदेखत रोप जळू दिलं – माझी लेक, जिनं कधी वाळकं पान फुकट जाऊ दिलं नाही.

नाही, रडत नाहीये, मिशीत धूळ गेली. त्या ढिगातली आणखी सात पोती गेलीत लोकांकडं. ती सगळी परत आणायची, आणि कुठला ढीग तयार, कुठला कच्चा, हे सांगायला इथं कुणीतरी पाहिजे. चिठ्ठी? मला कुठं लिहिता येतंय धड. निरोप? निरोप कसला पाठवता, मीच येतो. आता. माफीबिफी नाही मागणार, आधीच सांगतो. फक्त म्हणेन, नाकाडे, मला वास येत नाही, चल. कुंडी घ्या ती, माती बदलून सावलीत ठेवू, जगलं तर जगलं. फाटक ओढा. चला, व्हा पुढं – आणि वाटेत एक अक्षर बोलायचं नाही. फार बोलता तुम्ही, जावईबापू.