काय खाल्लं होतं?

...आणि तो पहिला प्रश्न काय विचारतो, तर "काय खाल्लं होतं?" अहो, माझी ताई समोर खाटेवर बसलीय, ओठ सुजून टम्म, अंगभर गांधी उठल्यात, श्वास घेताना घशात शिट्टी वाजतेय, आणि हा डॉक्टर कागदावर पेन टेकवून, "काय खाल्लं होतं?" तुम्हाला सांगतो, दोन वर्षांत हा प्रश्न आम्हाला विचारला नाही असा माणूस शिल्लक नाही!

ताई, म्हणजे माझी मोठी बहीण, लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत फोनवर असते. कुणी लिफ्टमध्ये अडकलं की घंटी हिच्या टेबलावर वाजते. मग ही सांगते, "घाबरू नका, हळू श्वास घ्या, माणूस निघालाय." दिवसभर लोकांना श्वास घ्यायला लावते हो, आणि महिन्यातून एकदा हिचाच श्वास अडकतो!

महिन्यातून एकदा. आलं ना लक्षात? तिच्या तर पहिल्यापासून आलं होतं. "पाळीच्या आधीच होतं हे," असं सांगून सांगून थकली. ऐकतंय कोण? कातडीचे डॉक्टर म्हणाले, "पाळीचं बायकांच्या डॉक्टरांना सांगा." बायकांचे डॉक्टर म्हणाले, "गांधी? कातडीवाल्यांकडे जा." आणि आम्ही दारापर्यंत पोचलो की मागनं, "बरं, काय खाल्लं होतं?"

झालं! आईनं अंडी बंद केली. मग टोमॅटो. मग वांगं, शेंगदाणे, मासे... तेवढ्यात आत्या आली. "वहिनी, खाण्याचं नाही हो हे! हा लाँड्रीत इस्त्री करतो ना? साबण घेऊन येतो घरात!" झाली माझी रवानगी दुकानात झोपायला! मी तिकडे, साबण तिकडे, तरी पुढच्या महिन्यात गांधी हजर. मग? मग दूध बंद! ताईच्या ताटात राहिलं काय, तर भात आणि उकडलेला बटाटा.

तर त्या दुपारी तिच्या कंपनीतनं फोन आला. टॅक्सीत तिचा हात धरून बसलो, आणि तिचंच वाक्य म्हणायला लागलो, "घाबरू नको, हळू श्वास घे, माणूस..." कुठला माणूस निघालाय?

आणि इथं दवाखान्यात तिला शब्द फुटेना. म्हणजे बोलायचं कुणी? मी! अहो, गिऱ्हाईक बाईनं ब्लाउज इस्त्रीला टाकला तरी माझी मान खाली जाते! पण तिनं माझं मनगट असं दाबलं, असं दाबलं... मी तोंड उघडलं आणि निघाली ती आरोळीच, "पाळी! पाळी यायचीय तिला!" अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. कुणाचं तरी सलाईन ठिबकताना ऐकू यायला लागलं. डॉक्टरनं वर बघितलं. "बरं, ते नंतर. काय खाल्लं होतं?"

सुई दिली म्हणून वाचली. संध्याकाळी एक वयस्कर डॉक्टरीणबाई आल्या. मला काही विचारलं नाही, ताईच्या खाटेवर बसल्या, तिला विचारलं. मग म्हणाल्या, "हिस्टामिन म्हणून एक द्रव्य असतं अंगात. ते सुटलं की खाज, सूज. पाळीच्या आधी हार्मोन वरखाली होतात, काहीजणींच्यात ते ह्या हिस्टामिनला डिवचतात, आणि ते उलटून हार्मोनला. दोघं एकमेकांना चढवतात."

"म्हणजे आमची आई आणि आत्या," मी म्हणालो. बाई हसल्या. ताई मात्र रडायला लागली. "दोन वर्षं हेच सांगतेय हो मी."

"गोळ्या देते, आज दिली तशी सुई कायम जवळ ठेवा," बाई म्हणाल्या. "पुन्हा होणारच नाही, असं मात्र नाही सांगत."

आईनं दुसऱ्या दिवशी हौसेनं अंडी केली. ताईनं हात लावला नाही. मी अजून दुकानातच झोपतो, साबणाचा काय भरवसा!

परवा पुन्हा उठल्या गांधी. थोड्याच. मी गोळी काढून दिली. आणि ताई, तुम्हाला सांगतो, हीच ताई, जिला पहिल्यापासून सगळं कळलं होतं, ती ताटाकडे बघत हळूच मला विचारते, "काल काय खाल्लं होतं रे मी?"

...आता बटाटाही बंद झालाय.